संशोधनातील चित्राची साक्ष

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील धसई हे बाजारपेठेचे गाव. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून त्याचा बोलबाला झाला. नाणे वाजवून घेण्याऐवजी दुकानदार यंत्रातून निघालेल्या पावतीवर माल देऊ लागले. पावतीवर विसंबता येते, ते तिच्यामागे पेढीतील नोंद असते म्हणून. शास्त्रीय संशोधनाचा व्यवहारही याच जातीचा आहे. प्रयोग घडतो बंद दालनात. जगास दिसते ते निबंधातील चित्र. त्यावर भिस्त ठेवून इतर संशोधक आयुष्याची वर्षे वेचतात, आणि पुढे रुग्णांवर औषधे योजिली जातात. तेव्हा ते चित्र खरे कशावरून, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे.

जीवशास्त्रातील नेहमीचे चित्र म्हणजे प्रथिनांच्या पट्ट्यांचे. पेशींतील प्रथिने विजेच्या प्रवाहाने आकारमानाप्रमाणे वेगळी करतात, आणि प्रतिपिंडांच्या योगाने हवे ते प्रथिन काळ्या पट्टीच्या रूपाने प्रकट करतात. या पट्ट्या वरवर सारख्याच भासतात. परंतु प्रत्येकीची कड, डाग व भोवतालचे कण निराळे असतात. दोन भिन्न प्रयोगांच्या चित्रांत तोच ओरखडा त्याच जागी आढळला, तर शंका घेणे भागच पडते. लबाडी करणारा चित्र उलटवितो, फिरवितो, ताणतो. तपासणाराही ते तसेच फिरवून एकावर एक ठेवून पाहतो. छायाप्रकाशातील भेद वाढविला की जोडकामाची सरळ रेघ उघडी पडते.

'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी' या नियतकालिकाने २००२ पासून स्वीकृत निबंधांतील चित्रे अशी तपासण्यास आरंभ केला. पुढे एलिझाबेथ बिक यांनी दोन सहकाऱ्यांसह २०,६२१ निबंधांची पाहणी करून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ३.८ टक्के निबंधांत आक्षेपार्ह पुनरावृत्ती आढळली. त्यांपैकी निदान निम्म्यांत हेतुपुरस्सर फेरफाराची चिन्हे होती. उरलेल्यांत निव्वळ निष्काळजीपणाही संभवत होता.

हा भेद ठरविणे किती कठीण, हे पुण्यात दिसून आले. तेथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधातील चित्रे पूर्वीच्याच चित्रांची पुनरावृत्ती आहेत, असा आक्षेप निघाला. संशोधकांनी तो नाकारला. २००७ साली नियतकालिकाने निबंध मागे घेतला; तरी शास्त्रज्ञांच्या एका समितीस फेरफार दिसला नाही, तर दुसऱ्या मंडळाने आक्षेप खरा मानला. त्याच चित्रांकडे पाहून जाणत्यांचे मत दुभंगले.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. सूक्ष्म दृष्टी संशय दाखवू शकते. न्याय करावयाचा तर मूळ फिल्म, तारीखवार टिपणवही आणि यंत्रातील अस्पर्श नोंद हाती असावी लागते. आता तर संगणक कोणत्याही चित्राची नक्कल न करता अगदी नवे खोटे चित्र घडवू शकतो. तेथे पुनरावृत्ती शोधणारी नजर निरुपाय होते. म्हणून मूळ नोंदी वर्षानुवर्षे जपणे व मागताच पुढे ठेवणे हा संशोधकाचा धर्म ठरावा. त्यायोगे लबाड उघडा पडेल, आणि प्रामाणिक माणसावर आळ आल्यास त्याचीही सुटका होईल. पेढीतील नोंदच हरवली, तर पावतीला किंमत उरत नाही.