गळती ऐकावी लागते



जमिनीखालची गळती डोळ्यांना दिसत नाही, ती ऐकावी लागते. हे मी रस्त्यावर उभा राहून शिकलो.

रात्री दोनचा सुमार होता. पाणीखात्यातल्या एका जुन्या माणसाने लोखंडी सळई व्हॉल्व्हवर टेकवली आणि वरचं टोक माझ्या कानाशी धरलं. मला काहीच ऐकू येईना. तो म्हणाला, "साहेब, आधी श्वास थांबवा." थांबवला, आणि सूं सूं असा बारीक आवाज कानात शिरला. तडा गेलेल्या पाइपातून पाणी दाबाने सुटत होतं आणि त्याचा आवाज पाइपाच्या अंगाने सळईत चढत होता. पुढच्या व्हॉल्व्हवर तो वाढला, म्हणून आम्ही तिकडे सरकलो.

आता कानाच्या मदतीला कोरिलेटर नावाचं यंत्र आहे. त्याचे दोन संवेदक पाइपावर बसवतात. समजा, दोघांत 100 मीटर अंतर आहे. लोखंडी पाइपात आवाज सेकंदाला साधारण 1,200 मीटर जातो. एकाला तो 0.02 सेकंद आधी पोहोचला, तर गळतीपासून दोन्ही संवेदकांच्या अंतरांतला फरक 24 मीटर. 100 मधून 24 वजा करून निम्मे केले, म्हणजे गळती जवळच्या संवेदकापासून 38 मीटरवर. खड्डा तेवढ्याच जागी खणायचा. प्लॅस्टिकच्या पाइपात आवाज लवकर विरतो, तिथे संवेदक जवळजवळ लावावे लागतात.

रात्रीच का? तेव्हा रहदारी थांबलेली असते, नळ बंद असतात. कोणी वापरत नसताना एखाद्या भागात पाणी शिरतच असेल, तर ते बहुतांशी गळतीत जातं. इंग्लंडमधल्या पाणी कंपन्या हा रात्रीचा प्रवाह मोजून गळती हेरतात. तिथे पाइप चोवीस तास भरलेले असतात, म्हणून ते साधतं. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी ठरलेल्या वेळीच येतं. पाइप रिकामा झाला की गळती मुकी होते. शिवाय दाब गेल्यावर त्याच भोकातून आसपासचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पाणी सुटल्यावर पहिली कळशी गढूळ येते, घरातलं मूल जुलाबाने आजारी पडतं, त्याचं मूळ कधी कधी या भोकात असतं.

मीटरच्या पुढचा पाइप आपल्या जबाबदारीचा. पाण्याच्या वेळी टाकी भरून बॉल कॉक बंद झाला की घरातले सगळे नळ बंद करा आणि मीटरमधलं लहान चाक पाहा. ते फिरत असेल, तर पाणी कुठेतरी जातंय. मिनिटाला एक लिटर गळलं आणि पाइप कायम भरलेला असला, तर दिवसाला 1,440 लिटर जातात. शहरात माणशी 135 लिटरचा निकष धरला, तर हे दहा माणसांचं पाणी झालं.

आणि गळतीने दाब पडतो, तो सर्वांत आधी लाइनीच्या शेवटच्या घरात. तिथे हंडा लावून बसलेल्या बाईच्या वाट्याचं पाणी आपल्या अंगणाखाली मुरतंय. चाक फिरताना दिसलं, तर प्लंबरला उद्याच बोलवा, एवढीच माझी विनंती.