तिकिटाचा पैसा आणि विश्वासाची वही

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



संगणक अभियंता म्हटला की यंत्रापुढे बसून इतरांस न कळणाऱ्या भाषेत काहीतरी लिहिणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. शहरातील बस, लोकल गाडी, बँकेतील व्यवहार यांच्याशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न कोणासही सहज पडावा. वस्तुतः सकाळी तिकीट काढण्यापासून महिनाअखेर पगार खात्यात जमा होईपर्यंत टप्प्याटप्प्यावर त्याने लिहिलेली आज्ञावली काम करीत असते. म्हणूनच तंत्रज्ञान, नगरातील वाहतूक आणि अर्थव्यवहार या तिन्हींकडे या व्यवसायातील विचारी माणूस कसा पाहतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. त्याच्या मताचे सार एका वाक्यात सांगता येते. यंत्र नवे की जुने हा प्रश्न दुय्यम असून, त्या यंत्रामुळे कोणाचे ओझे कोणाच्या खांद्यावर गेले हाच खरा प्रश्न आहे.

ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ आणि खातेवही लिहिली गेली, त्यांना ही दृष्टी नवी वाटणार नाही. कोणत्याही व्यवहारात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पैसा आधी कोणाचा अडकतो, आणि चूक झाली तर नुकसान कोण सोसतो? बसचे तिकीट ही किरकोळ रकमेची बाब खरी. परंतु हे दोन्ही प्रश्न त्या लहानशा तिकिटातही दडलेले असतात.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मुंबईची पहिली बस सुरू झाली. त्यानंतर कित्येक दशके रोख पैसा आणि कागदी तिकीट हाच व्यवहार राहिला. सुटे पैसे नसले की वाहक उरलेली रक्कम तिकिटाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून देई, हे मुंबईकरांना चांगलेच आठवत असेल. त्या क्षणी प्रवासी हा उपक्रमाचा सावकार बनत असे! पुढे उपनगरी स्थानकांवर कूपनांच्या पुस्तिका आल्या. कूपन यंत्रात घालून छाप उमटवायचा. रांग टळली, परंतु पैसे आगाऊ गुंतले. आणि शाई पुसट उमटली तर जबाब द्यावा लागे तो प्रवाशालाच. सोय वाढली, पण ओझे मात्र जिथे होते तिथेच राहिले.

मासिक पासाचे उदाहरण याहून अधिक बोलके आहे. समजा, एका फेरीचे भाडे १० रुपये आहे आणि मासिक पास ३०० रुपयांना मिळतो. ज्याच्या हाती महिन्याच्या प्रारंभी ३०० रुपये आहेत, तो पास काढतो आणि महिनाभर निश्चिंत होतो. ज्याला रोजच्या मजुरीवर घर चालवायचे आहे, तो रोज दोन तिकिटे काढतो. २५ दिवसांत त्याचे ५०० रुपये खर्च होतात. प्रवास तोच, गाडी तीच, गर्दीही तीच. परंतु हाती आगाऊ रक्कम नाही एवढ्याच कारणास्तव गरिबाला २०० रुपये अधिक मोजावे लागतात. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. कागदी तिकिटाला मागील तिकिटाची आठवण नसते, म्हणून असे घडते. यंत्राला मात्र आठवण देता येते, आणि येथे संगणक अभियंत्याचे काम सुरू होते.

या बाबतीत लंडन शहराचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. तेथे २००३ साली ऑयस्टर नावाचे कार्ड आले. २००५ पासून या कार्डावर दैनिक कमाल भाड्याची मर्यादा लागू झाली. दिवसभरात कितीही फेऱ्या झाल्या, तरी ठरावीक रकमेच्या पुढे भाडे कापले जात नाही. डिसेंबर २०१२ मध्ये तेथील बसगाड्यांत आणि सप्टेंबर २०१४ मध्ये भुयारी रेल्वेत थेट बँकेचे कार्ड टेकवून प्रवास करण्याची सोय झाली, आणि अशा कार्डांसाठी सोमवार ते रविवार अशी साप्ताहिक मर्यादाही आली. प्रवाशाने पास काढायचा की सुटे तिकीट, हा हिशोब करण्याची गरजच उरली नाही. आठवड्याच्या अखेरीस यंत्रणा स्वतःच बेरीज करते आणि मर्यादेपलीकडची रक्कम घेत नाही. आगाऊ पैसा न गुंतवताही पासाचा लाभ मिळतो.

हे कसे साधले, हे जाणण्यासारखे आहे. गर्दीच्या वेळी स्थानकाच्या दारावर माणसांचा लोंढा येतो. अर्ध्या सेकंदाच्या आत दार उघडले नाही तर मागे चेंगराचेंगरी व्हायची. तेवढ्या अवधीत बँकेला विचारून, खात्यातील शिल्लक पाहून, पैसे वळते करून घेणे दुरापास्त असते. म्हणून तेथील अभियंत्यांनी दारावर पैसे घेण्याचा हट्टच सोडला. कार्ड खरे आहे की नाही, आणि ते बंद केलेल्या कार्डांच्या यादीत नाही ना, एवढेच यंत्र पाहते आणि दार उघडते. कोण कोठे चढला व कोठे उतरला, याची नोंद मध्यवर्ती संगणकाकडे जाते. दिवस संपल्यावर साऱ्या नोंदी जुळवून योग्य भाडे ठरते आणि एकाच वेळी बँकेकडे मागणी जाते.

आपल्या परिचयाच्या भाषेत सांगायचे तर ही वाणसामानाच्या दुकानातील उधारीची वही होय. गिऱ्हाईक दिवसभरात चार वेळा माल नेते, दुकानदार वहीत टिपून ठेवतो आणि संध्याकाळी एकच बेरीज करतो. एखाद्याच्या खात्यात पैसे नसले तर पहिल्या फेरीचा तोटा होण्याची जोखीम प्रवाशावर येत नाही. ती वाहतूक संस्था व बँक यांनी आपापसांत वाटून घ्यायची असते. नव्या तंत्राच्या मुळाशी पत आणि विश्वास ही जुनीच तत्त्वे आहेत!

भारतातही या दिशेने मोठी पावले पडली आहेत. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि चहाच्या टपरीपासून सराफी पेढीपर्यंत मोबाईलने पैसे देणे रूढ झाले. ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबाद येथे एका कार्डावर देशभर प्रवास या कल्पनेने नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाचे उद्घाटन झाले. मुंबईत ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मेट्रो धावली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंतचा भुयारी मार्ग पूर्ण झाला. त्याच महिन्यात अनेक वाहतूक संस्थांची तिकिटे एकत्र देणारे ‘मुंबई वन’ हे अ‍ॅपही आले. ही प्रगती अभिमानास्पद आहे यात शंका नाही.

तथापि अभियंत्याची नजर येथे थांबत नाही. कार्डाच्या चिपमध्ये आगाऊ भरलेली रक्कम ही प्रवाशाने दिलेली बिनव्याजी ठेवच असते. एका माणसाचे शंभर-दोनशे रुपये क्षुल्लक असतील; लाखो प्रवाशांचे मिळून ते क्षुल्लक राहत नाहीत. त्याचप्रमाणे एकाच अ‍ॅपमध्ये अनेक तिकिटे मिळणे आणि बस, लोकल, मेट्रो या साऱ्यांचा एकत्रित हिशोब होऊन दिवसाच्या खर्चाला मर्यादा पडणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्याने बोटांचे श्रम वाचतात, दुसऱ्याने घरखर्च वाचतो. पहिली गोष्ट यंत्राने साधते. दुसरीसाठी निरनिराळ्या संस्थांनी एका वहीत लिहिण्याचे आणि येणे-देणे आपापसांत वाटून घेण्याचे ठरवावे लागते. तेथे अडचण तंत्राची नसून करारांची असते.

यावर कोणी म्हणेल, मर्यादा घातली तर उत्पन्न घटेल, तो तोटा कोण भरणार? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देणे योग्य नव्हे. बेस्ट उपक्रमाचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. पूर्वी विद्युत विभागाच्या उत्पन्नातून परिवहन विभागाची तूट भरून निघत असे. तो आधार गेल्यावर उपक्रम अडचणीत आला. जुलै २०१९ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवर आणले गेले, प्रवासी आनंदले. मे २०२५ मध्ये तेच भाडे १० रुपये झाले. तात्पर्य, स्वस्त भाडे हे केवळ घोषणेने टिकत नाही, त्यामागे उत्पन्नाचा कायम स्रोत लागतो. परंतु तूट भरून काढण्याचा भार ज्याच्या हाती आगाऊ ३०० रुपये नाहीत त्याच्याच खिशावर पडावा, हे कोणत्याही हिशोबात बसत नाही. सवलत द्यायची तर ती उघडपणे, वहीत लिहून द्यावी आणि तिची रक्कम शासनाने वा नगरपालिकेने भरावी, हा सरळ मार्ग होय.

दुसरा प्रश्न चुकीचा. अनुभवी अभियंता यंत्रणा उभारतानाच विचारतो की, ही बंद पडली तर काय होईल? १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी वीजपुरवठा खंडित होऊन मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार तांत्रिक बिघाडामुळे दुपारपूर्वीच थांबले आणि सायंकाळी मुदत वाढवून द्यावी लागली. बिघाड कोठेही होऊ शकतो. लंडनमध्येही जुलै २००८ मध्ये दोनदा ऑयस्टरची यंत्रणा बिघडली. त्या वेळी स्थानकांची दारे उघडी ठेवण्यात आली आणि लोकांनी प्रवास केला. पहिल्या प्रसंगी हजारो कार्डे निकामी झाली, ती बदलून द्यावी लागली. नुकसान संस्थेने सोसले. यंत्र बंद पडले तर दार उघडे राहावे की बंद, हे आज्ञावली लिहिणारा आधीच ठरवतो. आणि तो निर्णय तांत्रिक दिसला तरी मुळात नीतीचा असतो.

तिसरा प्रश्न, यंत्राच्या बाहेर राहिलेल्यांचा. ६ जुलै २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेणे बंद झाले. त्या वेळी ऑयस्टर कार्डात पुरेशी शिल्लक नसली तरी बसची आणखी एक फेरी करता येईल, अशी तरतूद करण्यात आली. पैसे पुढच्या भरण्यातून वळते होतात. रात्री उशिरा कोणी वाटेत अडकून पडू नये, हा हेतू. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक, मोबाईल न वापरणाऱ्या गृहिणी, गावाहून आलेला पाहुणा यांची संख्या थोडी नाही. बॅटरी संपलेला मोबाईल हाती घेऊन दारापुढे उभ्या असलेल्या माणसास आत जाण्याचा मार्ग नसेल, तर ती यंत्रणा कितीही आधुनिक असली तरी अपुरीच म्हणावी लागेल. नवे आणताना जुनी खिडकी काही काळ उघडी ठेवणे हा मागासलेपणा नसून शहाणपणा आहे.

एक सावधगिरीची सूचनाही येथे केली पाहिजे. जी वही भाडे स्वस्त करते, तीच वही कोण कोणत्या वेळी कोठे गेला हेही जाणते. २०२३ साली भारतात व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला; परंतु कायद्याइतकीच संयमाची आवश्यकता आहे. हिशोबाला लागेल तेवढेच लिहावे, आणि हिशोब मिटल्यावर ते पुसावे. चांगला मुनीम गिऱ्हाइकाची वही चारचौघांत उघडत नाही. संगणकानेही तोच धर्म पाळावयास हवा.

बंधू-भगिनींनो, समाजातील अनेक तरुण-तरुणी आज संगणक क्षेत्रात आहेत. कोणी बँकेसाठी, कोणी वाहतुकीसाठी, कोणी शेअर बाजारासाठी आज्ञावली लिहितात. त्यांच्या बोटांखालून जाणाऱ्या एका ओळीवर एखाद्या कष्टकऱ्याचे महिन्याकाठचे २०० रुपये अवलंबून असू शकतात. ज्येष्ठांनी या तरुणांना पगार किती, हे अवश्य विचारावे. पण त्याच्याच जोडीला, तुझ्या यंत्रणेत पैसा आधी कोणाचा अडकतो, चूक झाल्यास कोण भरतो आणि दाराबाहेर कोण राहतो, हेही विचारावे. ज्या घरात हे प्रश्न जेवणाच्या ताटावर विचारले जातात, त्या घरातील अभियंता आज्ञावली लिहिताना त्यांना विसरणार नाही.