सात कुठे बसतो?



२००८ सालची गोष्ट. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या न्यायालयात अमली पदार्थांचा एक मोठा खटला चालू होता. शंभरावर साक्षीदार तपासून झाले होते. ज्युरीतली मंडळी मान खाली घालून लिहीत असत आणि पाहणाऱ्याला वाटे, किती कसोशीनं टिपणं काढताहेत! मग लक्षात आलं, की त्यांच्यातलं कोणीतरी आडवं नाही, वरून खाली लिहितंय. तपास झाला तेव्हा कळलं, की काहीजण चक्क सुडोकू सोडवत होते. ज्युरी बरखास्त झाली, खटला मोडला आणि दहा लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलरांचा खर्च पाण्यात गेला.

गंमत अशी, की हे कोडं जगभर पोहोचवलं ते एका निवृत्त न्यायाधीशानंच! न्यूझीलंडचे वेन गूल्ड हाँगकाँगमध्ये न्यायाधीश होते. १९९७ साली टोकियोतल्या एका पुस्तकाच्या दुकानात हे कोडं त्यांच्या नजरेस पडलं. मग अशी कोडी तयार करणारा संगणकाचा प्रोग्रॅम लिहिण्यात त्यांनी सुमारे सहा वर्षं घालवली. नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’नं त्यांचं कोडं छापलं आणि पाठोपाठ इतर वर्तमानपत्रांची रीघ लागली. मराठी दैनिकांतही शब्दकोड्याच्या शेजारी ही चौकट येऊन बसली.

नाव जपानी असलं, तरी आजच्या रूपातलं कोडं जन्मलं अमेरिकेत. इंडियाना राज्यातले निवृत्त वास्तुविशारद हॉवर्ड गार्न्स हे त्याचे कर्ते मानले जातात. १९७९ साली ते ‘नंबर प्लेस’ या नावानं एका कोड्यांच्या मासिकात आलं, तेही कर्त्याच्या नावाशिवाय. १९८४ मध्ये जपानच्या ‘निकोली’ या प्रकाशनसंस्थेनं ते उचललं. संस्थेचे माकी काजी यांच्यामुळे त्याला आजचं नाव मिळालं. पुढे निकोलीनं दोन पथ्यं घालून घेतली: आधी भरून दिलेले अंक ३२ पेक्षा जास्त नसावेत आणि त्यांची मांडणी डोळ्याला तोलदार दिसावी. गार्न्स १९८९ मध्ये गेले. आपल्या कोड्याची जगभरची धूम त्यांना पाहायला मिळाली नाही.

आता खुद्द कोडं. ‘आपलं गणित कच्चं’ म्हणून अनेकजण त्याच्या वाटेला जात नाहीत. पण इथे बेरीज नाही, वजाबाकी नाही. एक ते नऊ अंकांच्या जागी नवग्रहांची नावं लिहिली, तरी कोडं जसंच्या तसं सुटेल. शनी कोणत्या घरात बसतो एवढंच पाहायचं, आणि त्यासाठी ज्योतिषीही लागत नाही. एकूण ८१ घरं. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि नऊ घरांच्या प्रत्येक लहान चौकोनात नऊही अंक एकेकदाच यायला हवेत. संपला नियम.

नवखा माणूस बहुधा डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातलं रिकामं घर धरतो आणि विचारतो, ‘इथे काय येईल?’ उत्तरं निघतात चार-पाच आणि तो तिथेच रुततो. प्रश्न उलटा करायला हवा: ‘सात कुठे बसेल?’

रेडिओवर चौकट दाखवता येत नाही, तेव्हा श्रोत्यांनी ती मनातच आखावी. सर्वांत वरच्या तीन आडव्या ओळी घेऊ. त्यांत शेजारी शेजारी तीन लहान चौकोन येतात. डावीकडच्या चौकोनात, पहिल्या ओळीत सात आहे. मधल्या चौकोनात, दुसऱ्या ओळीत सात आहे. म्हणजे उजवीकडच्या चौकोनातला सात तिसऱ्याच ओळीत हवा. तिथे घरं तीन. एकात दोनचा आकडा आधीच छापलेला. उरलेल्या दोहोंपैकी एका घराच्या उभ्या ओळीत, खाली कुठेतरी, सात दिसतो. ते घर बाद. उरलं एकच! अंदाज नाही, नशीब नाही. सोपी म्हणून छापलेली बरीचशी कोडी बव्हंशी एवढ्यावरच सुटतात. ज्या अंकाची हजेरी चौकटीत सर्वांत जास्त, त्याच्यापासून सुरुवात केली तर काम आणखी हलकं होतं.

हे थांबलं की पेन्सिल हाती घ्यावी. रिकाम्या घराच्या कोपऱ्यात तिथे बसू शकणारे अंक बारीक लिहायचे. पण आरंभापासूनच सगळीकडे लिहीत सुटलं तर मुंग्यांची रांग दिसते, अंक नाही. एखाद्या ओळीतल्या दोन घरांत फक्त तीन आणि आठच शक्य असतील, तर ते दोन अंक त्या दोन घरांचे झाले. कोणाचा कोणता हे अजून ठरलं नसलं, तरी ओळीतल्या इतर घरांतून ते खोडता येतात. एवढ्यानं पुष्कळदा अडलेली गाडी सुटते.

अंदाजानं अंक ठोकणं मात्र टाळावं. चूक लगेच दिसत नाही. ती वीस-पंचवीस घरं भरल्यावर एका ओळीत दोन पाच होऊन समोर येते आणि कुठून बिघडलं हे शोधणं कोड्याहून अवघड होतं. नीट रचलेल्या सुडोकूचं उत्तर एकच असतं. त्यासाठी किमान १७ अंक द्यावे लागतात. १६ अंकांत ते जमत नाही, हे डब्लिनच्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये संगणकावर प्रचंड पडताळणी करून दाखवलं.

पण अंक कमी दिसले की कोडं अवघड, असं समजून पान उलटू नये. १७ अंकांची काही कोडी सरळ सुटतात आणि २८ अंकांचं एखादं घाम फोडतं. कोणता अंक कोणत्या घरात छापलाय, त्यावर सगळं अवलंबून.

याच कोड्याची जागतिक स्पर्धा २००६ साली इटलीत सुरू झाली आणि दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, ती गोव्यात भरली. तिथे अजिंक्यपद मिळवलं अमेरिकेच्या थॉमस स्नायडर यांनी. त्याच साली सिडनीत खटला मोडला होता!