एकशे दहा मजल्यांची पाटी

(पंचायत सचिव, शिक्षक आणि शासकीय कार्यालयांच्या स्वागतकक्षांतील कर्मचारी यांच्या प्रशिक्षणवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘कार्यालयातील दर्शनी पाटी’ या विषयावर मी बोलावे, अशी सूचना आली तेव्हा प्रामाणिकपणे सांगतो, मन थोडे खट्टू झाले. कलाशाखेच्या पदवीधराला एखादा सरस विषय मिळेल अशी आशा असते. परंतु विचार करू लागलो आणि शिकागोची एक इमारत डोळ्यांपुढे आली. आजचे बोलणे तिथूनच सुरू करतो.

अमेरिकेतील शिकागो शहरात १९७३ साली ‘सीअर्स टॉवर’ ही एकशे दहा मजल्यांची, ४४२ मीटर उंचीची कार्यालयीन इमारत उभी राहिली. १९९८ पर्यंत जगातील सर्वांत उंच इमारत हा मान तिच्याकडे होता. वास्तुरचना ब्रूस ग्रॅहॅम यांची. पण तिचा सांगाडा ज्यांच्या बुद्धीतून निघाला ते स्थापत्य अभियंते फजलुर रहमान खान हे १९२९ साली ढाक्यात जन्मलेले, म्हणजे आपल्याच उपखंडातले. त्यांची युक्ती आपल्या गावातल्या माणसाला समजावून सांगणे मुळीच कठीण नाही. रानातून आणलेली एकेक काटकी सहज वाकते, पण मोळी बांधली की वाकत नाही. खान यांनी प्रत्येकी ७५ फूट रुंदीच्या नऊ चौकोनी नळ्या तीन-तीनच्या रांगांत एकमेकींना बांधल्या. त्यांतील दोन ५०व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६व्यावर, तीन ९०व्यावर आणि उरलेल्या दोन माथ्यापर्यंत जातात. शिकागोच्या झोडपणाऱ्या वाऱ्याला ही मोळी कमी पोलादात पुरून उरली.

इमारत उभी राहिली. माणसाने आत जायचे कसे, हा प्रश्न मात्र उंचीइतकाच बिकट होता. प्रत्येक लिफ्ट तळापासून माथ्यापर्यंत प्रत्येक मजल्यावर थांबू लागली, तर वरच्या माणसाचा दिवस वाटेतच सरेल आणि अर्धी इमारत लिफ्टच्या विहिरींनीच भरून जाईल. म्हणून तिथे एस.टी.च्या प्रवासासारखी व्यवस्था केली गेली. ३३–३४ आणि ६६–६७ या मजल्यांवर मोठी बदलीची दालने ठेवली. तळाहून जलद, दुमजली लिफ्टने तिथवर जायचे आणि पुढे थांबत जाणारी लिफ्ट धरायची. पेडण्याहून निघालेल्या माणसाने पणजीत गाडी बदलून काणकोण गाठावे, तसे.

आता पाहा, अशा ठिकाणी नवख्या माणसाला केवळ ‘अमुक कचेरी’ एवढे नाव ठाऊक असून भागत नाही. मजला कोणता, लिफ्टचा गट कोणता, बदल कुठे, हे सारे कळावे लागते. हे काम प्रवेशदालनातली पाटी करते. जुन्या काळी मोठ्या इमारतींत काचेआड आडव्या खाचांची काळी पाटी असे आणि तीत सुटी पांढरी अक्षरे खोचीत. भाडेकरू बदलला की कारकून कुलूप काढून अक्षरे बदली. कधी एखादे अक्षर गळून पडे आणि नावाचा अर्थच बदले. अलीकडे तिथे स्पर्शाने चालणारा पडदा आला. नावाची दोन अक्षरे दाबली की कचेरीचे नाव, मजला आणि लिफ्टचा गट दिसतो. काही इमारतींत तर दालनातच मजला सांगायचा. यंत्र एकाच दिशेच्या माणसांना एकत्र करून कोणत्या लिफ्टमध्ये बसायचे ते सांगते.

बदल हा या पाटीचा खरा शत्रू. ज्या सीअर्स कंपनीने स्वतःसाठी ही इमारत बांधली, ती एके काळी खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांना टपालाने वस्तूंची जाडजूड सूची पाठवून घरबसल्या माल विकणारी. माणसाला हवी ती वस्तू सूचीत नेमकी सापडली पाहिजे, या एका गोष्टीवर तिचा व्यापार वाढला. १९९०च्या दशकात तीच कंपनी या इमारतीतून निघून गेली. ती प्रसिद्ध सूचीही १९९३ साली बंद झाली. २००९ मध्ये इमारतीचे नावसुद्धा ‘विलिस टॉवर’ झाले. मालकाचेच नाव जिथे पुसले जाते, तिथे भाडेकरूंची काय कथा!

आता घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आपल्याकडील एका शासकीय इमारतीत (नाव सांगत नाही) असाच पडदा बसला. प्रसिद्धीपत्रक मीच लिहिले. ‘नागरिकांना आता विनासायास माहिती’ हे शब्द माझेच. पुढे एका सकाळी मी तिथे गेलो, तर सत्तरीकडच्या एक वृद्ध आजी कापडी पिशवी उराशी धरून पडद्यापुढे उभ्या. मुंडकार प्रकरणाची त्यांची तारीख होती. पडद्यावर योजनांची चित्रे सरकत होती. बराच वेळ वाट पाहून त्यांनी मला विचारले, “बाबा, हा टीव्ही कधी संपतो? मग मला खोली सांगतील ना?”

पडद्याला बोट लावायचे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मी बोट लावले तर नावे सारी इंग्रजीत, आणि दाखवलेली खोली पहिल्या मजल्यावरची. आम्ही जिना चढून गेलो तर तिथे भांडार. सुनावणीची खोली चार महिन्यांपूर्वीच दुसऱ्या मजल्यावर हलली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा आजींचा पुकारा होऊन गेला होता. पुढची तारीख मिळाली ती अडीच महिन्यांनंतरची. जाताना त्यांनी माझेच आभार मानले, हे मला आजही टोचते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमाप्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते व ती दर वर्षी अद्ययावत करावयाची असते. माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही त्याच कलमात म्हटले आहे. तेव्हा दारावरची पाटी म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. शिक्षक मित्रांनो, मुख्याध्यापकांची खोली शोधत फिरणारा पालकही याच हिशेबात धरा.

त्या प्रसंगानंतर आम्ही पडदा काढला नाही. तरुणांना तो उपयोगी पडतो आणि बदल त्यात मिनिटभरात करता येतो. फक्त शेजारी मराठी-कोंकणीत रंगवलेली साधी पाटी लावली, तारखेच्या दिवशी एक शिपाई दाराशी बसवला आणि खोली बदलण्याच्या आदेशाची एक प्रत पाटी सांभाळणाऱ्याकडे जाईल असे ठरवून घेतले. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात ‘शेवटची दुरुस्ती’ असे लिहून तारखेसाठी जागा ठेवली आहे. काल मुद्दाम पाहून आलो. तारीख गेल्या महिन्याची होती, आणि मधल्या काळात तळमजल्यावरचे एक अधिकारी बदलून गेले आहेत. त्यामुळे उद्या कचेरीत गेल्यावर माझे पहिले काम ठरलेले आहे.