जोडून घडवलेली माणसे

धातूचा पुतळा म्हटला की आधी मातीचे काम, मग साचा आणि मग ओतलेले ब्राँझ, हा क्रम शतकानुशतके चालत आला. वेल्डिंगच्या शिल्पाला साच्याची गरज नसते. पत्रा, सळई, भंगारातले गिअर कापायचे, वाकवायचे आणि एकमेकांना जोडत न्यायचे. स्पेनचा शिल्पकार हुलिओ गोन्झालेझ १९१८ मध्ये पॅरिसजवळच्या रेनॉ मोटार कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला. पुढे १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची ‘मोन्सेरात’ उभी राहिली: लोखंडी पत्र्याची शेतकरीण, एका हातात विळा, दुसऱ्या हातावर मूल. मुंबईत आदी दावियरवाला आणि पिलू पोचखानावाला यांनी हे तंत्र हाताळले, पण त्यांची ओढ बरीचशी अमूर्ताकडे होती.

हुबेहूब माणूस या तंत्रात घडवतात ते नागपुरात १९८० साली जन्मलेले वलय शेंडे. धातूच्या बारीक गोल चकत्या कडेला कड लावून जोडायच्या आणि त्यांतून पूर्ण मापाचा माणूस उभा करायचा, ही त्यांची रीत. मुंबईत हाजी अलीजवळचा डबेवाला त्यांनीच घडवलेला आहे. ‘ट्रान्झिट’ या शिल्पात तर अख्खा ट्रक चकत्यांचा आहे आणि त्याच्या हौद्यात मजूर उभे आहेत. लांबून ही माणसे भरीव दिसतात. जवळ गेल्यावर चकत्यांमधल्या फटी दिसू लागतात. एरवी कष्टकऱ्याचा पुतळा म्हटला की फुगवलेले दंड आणि ताणलेली मान आलीच. इथे तसले काही नाही, आणि तेच बरे.

हे काम दिसते त्याहून अवघड. पाठीवर किंवा मांडीवर चकती सहज बसते. नाकपुडी, कान, बोटांची पेरे इथे वळण इतके तीव्र की मोठी चकती चालतच नाही. त्यात चकत्या स्टेनलेस स्टीलच्या असतील, तर ते स्टील तापले की साध्या लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावते आणि उष्णता लवकर पसरू देत नाही. एकाच जागी सलग जोड मारत गेले, तर थंड होताना धातू आक्रसून अंग ओढले जाते. म्हणून आधी सगळीकडे सुटे टाके मारायचे, मग कधी या बाजूने, कधी त्या बाजूने जोड पक्के करायचे. पातळ स्टीलला वर्कशॉपवाले सहसा आर्गन वेल्डिंगच वापरतात. त्यात जोड स्वच्छ येतो, वर खपली धरत नाही. साध्या लोखंडाचे शिल्प उघड्यावर ठेवायचे, तर पावसाळ्याआधी जोडांवर रेड ऑक्साइडचा हात द्यावा लागतो. गंज बहुधा तिथूनच सुरू होतो.