रिकामं जातं फिरवू नका

कोरियन शिकणारी मुलंमुली आता पुण्या-मुंबईत सहज भेटतात. त्यातली काही पुढच्या शिक्षणासाठी कोरियात जातात. तिथे स्थलांतरित कुटुंबांतल्या लहानग्यांना कोरियन शिकवायला माणसं हवी आहेत असं कळलं, की हौसेनं पुढे होतात. फार चांगलं करतात. मला आज त्यांच्याशीच बोलायचंय, आणि एकच गोष्ट सांगायचीय. मूल वाचायला लागलं म्हणजे त्याला भाषा आली, असं समजू नका.

हंगुल लिपी सोपी आहे. सामान्य माणसाला लिहिता-वाचता यावं म्हणूनच राजा सेजोंगनं ती १४४३ मध्ये घडवली आणि १४४६ मध्ये प्रजेच्या हाती दिली. आज वापरात असलेली मूलभूत अक्षरं २४, त्यात १४ व्यंजनं आणि १० स्वर. सहा वर्षांचं मूल थोड्याच आठवड्यांत घडाघडा वाचू लागतं. शिकवणारी ताई खूश, घरचे खूश. घात होतो तो इथेच.

सोलजवळ अन्सान नावाचं कारखान्यांचं शहर आहे. तिथल्या एका अभ्यासवर्गात मी मुलांना घेऊन बसत असे. उझबेकिस्तानातून आलेली पहिलीतली एक मुलगी शाळेची सूचना खणखणीत वाचून दाखवायची. उद्या रंग आणा, कात्री आणा, वर्गात घालायचे बूट आणा. एक अक्षर चुकायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी हात हलवत शाळेत! तिचे पूर्वज कोरियनच. १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीनं सोव्हिएत अतिपूर्वेतल्या कोरियन लोकांना आगगाड्यांत भरून मध्य आशियात नेऊन सोडलं. त्यांची पणतवंडं आता पोटापाण्यासाठी कोरियात येतात. चेहरा कोरियन, घरात रशियन. चेहरा पाहून बाई धरून चालतात की हिला समजतंय. त्यात ती वाचतेही झरझर. मग कुणाला शंका यावी?

जातं डोळ्यांपुढे आणा. जातं फिरतंय, घरघर ऐकू येतेय, पण वरून दाणाच पडलेला नाही. पीठ कुठून येणार? नुसता दगडावर दगड घासतोय. समजल्याशिवाय केलेलं वाचन असंच असतं. दाणे म्हणजे मुलाच्या रोजच्या जगण्यातले शब्द. कात्री हातात द्या, कागद कापू द्या, आणि मग तो शब्द वाचायला द्या. वैरण मूठमूठच घालायची. पसाभर एकदम ओतलीत, तर भरड निघते. आज तीन शब्द पुरे, पण त्या तीन शब्दांवर मुलाला बोलू द्या, चुकू द्या, हसू द्या. तुम्ही कमी बोला.

आणि जात्याला समोरासमोर दोघी बसल्या, की दळण हलकं होतं. पलीकडे आईला बसू द्या. कितीतरी आयांना सांगितलं जातं, की घरी तुमची भाषा बोलू नका, मूल गोंधळेल. व्हिएतनामहून आलेली आई मग मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये दोन वाक्यं बोलते आणि गप्प होते. मुलाच्या वाट्याला गोष्टही येत नाही आणि गप्पाही येत नाहीत. अहो, पाऊस का पडतो हे आईनं व्हिएतनामीत सांगितलेलं असेल, तर कोरियन शब्द त्यावर चटकन बसतो. आईची भाषा बंद करू नका.

थोडं रागावतेही. स्वयंसेवेच्या तासांची नोंद होते, प्रमाणपत्र मिळतं आणि सत्र संपलं की ताई दिसेनाशी होते. नवी ताई येते, तिला वाटतं मुळापासून सुरू करावं, आणि पोरगं पुन्हा पहिल्या अक्षरापाशी! पुन्हा तेच रिकामं जातं. जायचं असेल तर जा, पण एक वही मागे ठेवा. मुलाला काय वाचता येतं ते त्यात लिहू नका, काय समजतं ते लिहा.

अंकांबद्दलही बोलायचं होतं. कोरियनमध्ये मोजायच्या दोन तऱ्हा आहेत. घड्याळातले तास एका तऱ्हेनं सांगायचे आणि मिनिटं दुसऱ्या. हे तक्ता पाठ करून येत नाही, खरं घड्याळ आणि मधल्या सुट्टीचा खाऊ समोर ठेवला तर... पण माझंच घड्याळ संपत आलंय. मोठ्यांशी आदरानं कसं बोलायचं, तेही राहिलं.

२०२३ मध्ये कोरियातल्या शाळांत आई किंवा वडील परदेशातून आलेल्या कुटुंबांतली १ लाख ८० हजारांहून अधिक मुलं होती. तुमच्या वाट्याला त्यातली दोन-चारच येतील. त्यांनी एक ओळ वाचली, की लगेच शाबासकी देऊन पुढे जाऊ नका. थांबा आणि विचारा, "बाळा, यात काय सांगितलंय?" उत्तर रशियनमध्ये आलं तरी चालेल, खुणेनं आलं तरी चालेल. पण ते आल्याशिवाय पान उलटू नका.