रणांगणावरून पाळण्यापर्यंत

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



संयोजकांनी मला स्त्रियांच्या आरोग्यावर बोलण्यास सांगितले. विषय विस्तीर्ण आहे. म्हणून त्यातील एकच प्रश्न आपल्यापुढे मांडते. जिने युद्ध पाहिले, ती स्त्री आई होते तेव्हा काय घडते?

प्रथम माझ्याच चुकीची कबुली देते. अमेरिकेतील एका लष्करी तळाजवळच्या गावात मी वैद्यकीय व्यवसाय करते. काही वर्षांपूर्वी एक तरुण आई तीन महिन्यांचे बाळ घेऊन वारंवार माझ्याकडे येऊ लागली. बाळाचा श्वास चालू आहे ना, हे पाहण्यासाठी ती रात्रभर जागी राही. दवाखान्यात नेहमी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसे. बाळाला घेऊन गाडी चालविणे तिने सोडूनच दिले होते. बाळंतपणानंतरची चिंता, असे निदान करून मी औषध लिहून दिले. चौथ्या भेटीत तिचा नवरा सोबत आला. त्याच्या बोलण्यातून कळले, की इराकमध्ये ती सैन्याचा मालट्रक चालवीत असे. वाटेत कोणीही आडवे आले, अगदी लहान मूल आले, तरी गाडी थांबवायची नाही, असा तिच्या ताफ्याला हुकूम होता. कारण थांबलेली गाडी म्हणजे हल्ल्याला निमंत्रण. तिच्या गाडीखाली कोणी आले नाही. परंतु ते भय तिने प्रत्येक फेरीत सोबत वाहिले होते, आणि आता मागच्या आसनावर तिचे स्वतःचे मूल होते. चार भेटी झाल्या तरी ‘आपण सैन्यात होता का?’ हा साधा प्रश्न मी विचारला नव्हता. पुरुष रुग्ण असता, तर तो मी पहिल्याच दिवशी विचारला असता.

माझ्या या विसरण्यामागे इतिहासही आहे. १९४८ च्या कायद्याने अमेरिकी सैन्यदलांत स्त्रियांना कायमचे स्थान मिळाले. पण १९५१ च्या अध्यक्षीय आदेशाने गर्भवती झालेल्या किंवा घरी लहान मूल असलेल्या स्त्रीला सेवेतून काढण्याची मुभा दिली. शासनाच्या लेखी स्त्री एक तर सैनिक होती, नाही तर आई. गर्भवती आहे एवढ्याच कारणाने स्त्रीला काढून टाकणे घटनाबाह्य असल्याचा निकाल एका अपील न्यायालयाने १९७६ साली दिला. १९९०-९१ च्या आखाती युद्धात सुमारे ४० हजार अमेरिकी स्त्रिया गेल्या, त्यांत अनेक माता होत्या. लढाऊ पदांवरील बंदी उठविण्याचा निर्णय २०१३ साली झाला आणि २०१५ च्या अखेरीस सर्व पदे खुली झाल्याचे जाहीर झाले. पण इराक व अफगाणिस्तानात आघाडीची रेषाच नव्हती. कागदोपत्री ‘लढाऊ’ नसलेल्या ट्रकचालक, परिचारिका, लष्करी पोलीस या सर्वांच्या वाट्याला सुरुंग आणि गोळ्या आल्याच. टॅमी डकवर्थ यांनी २००४ साली इराकमध्ये हेलिकॉप्टरवरील हल्ल्यात दोन्ही पाय गमावले. पुढे त्या दोन मुलींच्या आई झाल्या, आणि २०१८ साली पदावर असताना प्रसूत होणाऱ्या पहिल्या अमेरिकी सिनेटर ठरल्या.

युद्धावरून परतलेल्या प्रत्येक स्त्रीला मानसिक विकार जडतो, असे मुळीच नाही. परंतु ज्यांना आघातोत्तर तणावाचा विकार होतो, त्यांच्या मातृत्वावर त्याचे सावट तीन प्रकारे पडते. पहिला प्रकार अतिसावधपणाचा. रणांगणावर जीव वाचविणारी दक्षता घरी शमत नाही. बाळाचे रडणेही धोक्याच्या घंटेसारखे वाटते. दुसरा भावना गोठण्याचा. आई बाळाला वेळेवर पाजते, न्हाऊ घालते, पण आत काहीच हलत नाही. आणि ‘मी वाईट आई आहे’ असा निवाडा ती स्वतःच देते. तिसरा प्रकार चिडचिडीचा आणि टाळण्याचा. शाळेतील गर्दी, दिवाळीचे किंवा चार जुलैचे फटाके नकोसे होतात आणि मुलाचे जगही तेवढेच आक्रसते.

काहींचा आघात तर शत्रूकडून नव्हे, स्वतःच्या छावणीतून आलेला असतो. माजी सैनिक खात्याच्या नोंदींनुसार विचारणा केली असता सुमारे तीनपैकी एक स्त्री सेवाकाळातील लैंगिक अत्याचार वा छळ झाल्याचे सांगते. अशा स्त्रीला प्रसूतीपूर्व तपासणीचे टेबलही भयावह वाटू शकते. ही केवळ मनाची गोष्ट नाही. माजी सैनिक स्त्रियांच्या १६ हजारांवर प्रसूतींचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की प्रसूतीच्या आधीच्या वर्षात हा विकार सक्रिय असलेल्या स्त्रियांत अकाली प्रसूतीचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक होता.

यात समाजाचाही वाटा आहे. बाप युद्धावरून परततो तेव्हा त्याला हार घालतात; आई परतते तेव्हा विचारतात, ‘लेकराला सोडून तुला जाववले तरी कसे?’ ज्या मुलासाठी ती परतली, ते कित्येकदा तिला ओळखत नाही आणि आजीच्या पदराआड लपते. त्या क्षणी तिला उपदेश नको, वेळ हवा असतो.

काही सुधारणा झाल्या आहेत. प्रसूतीनंतर १२ महिने दूरच्या तैनातीपासून सूट देण्याचे धोरण अमेरिकी लष्कराने २०२२ साली स्वीकारले. माजी सैनिक खात्याने २०२३ साली मातांसाठीची समन्वय सेवा प्रसूतीनंतर आठ आठवड्यांवरून १२ महिन्यांपर्यंत वाढविली. हे उपकार नव्हेत, देणे आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हेच तत्त्व मांडले होते: आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, म्हणून तिचा भार बऱ्याच अंशी शासनाने उचलावा. त्यांच्यासमोर गिरण्यांतील कामकरी स्त्रिया होत्या. आज तेच तत्त्व गणवेशातील स्त्रीला लागू होते. पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. हा प्रश्न आता आपल्या लेकींचाही आहे.

माझी विनंती एवढीच. आपल्यापैकी जे डॉक्टर आहेत, त्यांनी प्रत्येक स्त्रीला सैनिकी सेवेबद्दल विचारावे. इतरांनी अशा शेजारणीचा निवाडा करू नये. घटकाभर तिचे मूल सांभाळावे. संकटाच्या क्षणी ९८८ फिरवून १ दाबले, की माजी सैनिकांसाठीची मदत मिळते, हे तिला सांगावे. हा विकार बरा होऊ शकतो. आघाताची आठवण टप्प्याटप्प्याने हाताळणारे संवादोपचार सिद्ध झाले आहेत.

त्या ट्रकचालक आईने ते उपचार घेतले. दीड वर्षानंतर ती दवाखान्यात आली, तेव्हा मुलाला मागच्या आसनावर बसवून गाडी तिने स्वतः चालवीत आणली होती. वाटेत शाळेची मुले रस्ता ओलांडत होती, असे तिने सांगितले. ती थांबली होती.

जय भीम! जय भारत!